बटण गेलं, भाव चढला

मालातून काही काढलं तर भाव उतरवावा लागतो, आणि उतरवायचा नसेल तर काढलेलं गिऱ्हाइकाच्या लक्षात येऊ द्यायचं नाही, एवढी अक्कल इतवारीतल्या दुकानात पुड्या बांधणाऱ्या पोराला असते. आलिशान गाड्या बनवणारे त्याच्याही पुढे गेले. त्यांनी डॅशबोर्डवरची बटणं काढली, एसीचे नॉब काढले, गाण्याच्या आवाजाची फिरकी काढली, काढल्याची पानभर जाहिरात केली आणि वरून भाव वाढवला. गिऱ्हाइकाने पेढे वाटले, गाडीला लिंबू-मिरची बांधली आणि टेकडीच्या गणपतीला नेऊन हार घालून आणला.

हिशेब अगदी साधा आहे. बटण म्हटलं की साचा आला, स्प्रिंग आली, वायर आली, ते बसवणारा माणूस आला. मॉडेल बदललं की साचा नवा. स्क्रीनचं तसं नाही. एकदा काच ठोकली की आत बटणांची चित्रं काढत बसा, शंभर काढा नाहीतर दोनशे, आणि तीच काच चार मॉडेलांना लावा. काटकसरीला आम्हा नागपूरकरांची ना नाही. फक्त काटकसर कंपनीने करायची आणि तिचं बिल आपण ‘प्रीमियम अनुभव’ म्हणून भरायचं, हे धंद्याचं कसब आमच्या गांधीबागेत अजून पोचायचं आहे.

30 सप्टेंबर 2022 रोजी चाकणच्या कारखान्यात मर्सिडीजच्या ईक्यूएस 580 या विजेवरच्या गाडीचं अनावरण झालं ते आमच्या खासदारांच्या, म्हणजे नितीन गडकरींच्या हस्ते. किंमत 1 कोटी 55 लाख, तीही एक्स-शोरूम. आत या दारापासून त्या दारापर्यंत 141 सेंटिमीटरची सलग काच आणि तिच्याखाली तीन स्क्रीन, त्यातला एक शेजारी बसणाऱ्याच्या करमणुकीसाठी. इंचांत मोजाल तर 56 भरतात. (आकडा कंपनीचा आहे, माझा नाही.) गडकरींनी कंपनीला तोंडावर सांगितलं की उत्पादन वाढवा म्हणजे किंमत खाली येईल, आम्ही मध्यमवर्गीय माणसं, तुमची गाडी मलासुद्धा परवडणार नाही. छापून आलं ते पैशांबद्दल. मला मात्र त्यात वेगळाच शहाणपणा दिसला. हॉर्नमधून बासरी, तबला, हार्मोनियम वाजावं असं या गृहस्थांचं जुनं स्वप्न आहे. ज्याला हॉर्नमध्ये हार्मोनियम हवी, त्याने मुळात हॉर्न हाताला सापडणार हे गृहीत धरलेलं असतं.

माझे एक स्नेही घाऊक किराण्याचे व्यापारी आहेत. वर्धमाननगरात बंगला, आणि पोर्चमध्ये गेल्या वर्षीपासून अशीच एक गाडी. बोनेटवरचं चिन्ह कुठलं ते सांगत नाही, शेठजींना अजून तिच्या सर्व्हिसिंगला जायचं आहे. मे महिन्यात भर दुपारी आम्ही पाहुण्यांना आणायला विमानतळावर निघालो. अजनी चौकात शेठजींना वाटलं, पाठीला जरा गार वारा लागावा. गाडीत तशी सोय आहे. चित्रात एक खुर्ची आणि तीन नागमोडी रेघा. सीट गरम करायचीही सोय आहे, कारण जर्मनीत हिवाळा असतो आणि पॅकेज सगळीकडे एकच. त्या चित्रात एक खुर्ची आणि तीन नागमोडी रेघा. दोन्हींत फरक म्हणाल तर गार सीटच्या कोपऱ्यात मुंगीएवढा पंखा असतो. तो नागपूरच्या उन्हात, लखलखत्या काचेवर, साठीच्या चष्म्यातून दिसणं अपेक्षित आहे.

छत्रपती चौक येईपर्यंत शेठजी चुळबुळ करू लागले.

“इंजिन तापलं वाटते.”

“इंजिन नाही जी,” ड्रायव्हर म्हणाला, “तुमची सीट गरम होऊन राहिली.”

“मग बंद कर ना बाप्पा!”

“कायले बोट लावू? ते पान गेलं ना, आता गाणेच दिसून राहिले.”

शेवटी गाडीशी बोलून पाहायचं ठरलं. शेठजींनी खास ठेवणीतलं इंग्रजी काढून सीट थंड करण्याची आज्ञा दिली. गाडीने अत्यंत अदबीने त्यांच्या व्याह्यांना फोन लावला. मुलीकडचे लोक, ठेवता कसा येणार? सोनेगाव मागे पडेपर्यंत शेठजी खालून भाजत होते आणि वर लग्नात राहिलेल्या मानपानाचा खुलासा करत होते.

या गावाचं हवामान जर्मनीत कोणी कळवलेलं नाही असं दिसतं. 23 मे 2013 ला इथे पारा 47.9 वर गेला होता. मे 2024 मध्ये रामदासपेठेतल्या शेताच्या मोकळ्या जागेत बसवलेल्या हवामान खात्याच्या यंत्राने चक्क 56 अंश दाखवले आणि मग खात्याने खुलासा केला की सेन्सर बिघडला. सरकारी सेन्सरचं जिथे डोकं फिरतं तिथे काळ्या काचेखाली बसवलेल्या नाजूक कारभाराने शुद्धीत राहावं, ही अपेक्षा फार झाली. उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत बसलं की सर्वांत आधी एसी लागतो, आणि स्क्रीन त्या वेळी कंपनीचं बोधचिन्ह डौलात उमलवून दाखवत असते.

आमच्या घरातला कूलर बघा. एक नॉब पंख्याचा, एक खटका पंपाचा. रात्री दोनला वीज येते, डोळे मिटलेलेच असतात, हात खाटेवरून लांब होतो, नॉब दोन खट्‌ फिरतो, पाण्याची धार वाळ्यावर पडल्याचा आवाज येतो आणि माणूस कूस बदलतो. कूलरच्या नॉबला माणसाने आपल्याकडे बघावं असं वाटत नाही. गाडीतल्या स्क्रीनला मात्र सारखं वाटतं. तापमान कमी करायचं तरी माझ्याकडे बघ, पंखा वाढवायचा तरी बघ. टेस्लात आणि पोर्शेच्या टायकानमध्ये तर हवेचा झोत तोंडावरून छातीवर आणायलाही स्क्रीनवर बोट फिरवायची पद्धत निघाली. जाळीची पात ढकलायचे गेले ते दिवस.

मोबाइल हातात धरून गाडी चालवताना दिसलात तर चालान. ते योग्यच आहे, नजर रस्त्यावरून हटते. पण तोच मोबाइल दहापट मोठा करून समोर ठोकला की पोलीस सलाम ठोकतो. जर्मनीत तसं चालत नाही. तिथे एक टेस्लावाला पावसात वायपरचा वेग स्क्रीनवर शोधता शोधता रस्ता सोडून झाडांवर गेला. 2020 मध्ये कार्ल्सरूच्या वरिष्ठ न्यायालयाने त्याला 200 युरो दंड आणि महिनाभर गाडीबंदी कायम केली. वायपर स्क्रीनमध्ये ज्याने कोंबला त्याला काही झालं नाही.

स्वीडनच्या ‘वी बिलेगारे’ मासिकाने 2022 मध्ये ताशी 110 किलोमीटरवर गाड्या पळवून चालकांना नेहमीची चार कामं करायला लावली. बटणं असलेल्या 2005 सालच्या जुन्या व्होल्व्होत ती 10 सेकंदांत उरकली. सर्वांत शेवटी आलेल्या एमजीच्या विजेवरच्या गाडीत 44.9 सेकंद गेले. बीएमडब्ल्यूच्या आयएक्सलाही अर्ध्या मिनिटाच्या वर लागलं. आता हाच प्रयोग आपल्या समृद्धी महामार्गावर आणा. शिवमडक्याला चढलात, ताशी 120 ची परवानगी आहे, तेव्हा 44.9 सेकंदांत गाडी जवळजवळ दीड किलोमीटर पुढे जाते. दीड किलोमीटर तुम्ही रस्त्यावर आहात आणि डोळे मेन्यूवर आहेत.

आता जरा आतल्या मालाकडे. हात जाईल तिथे मऊ, गुडघा लागेल तिथे खडखडीत प्लास्टिक, ही रीत कोटीच्या गाडीतही सुटलेली नाही. कातडं म्हणावं तर मर्सिडीजच्या ‘आर्टिको’त कातडं नसतं, बीएमडब्ल्यूच्या ‘सेन्साटेक’मध्येही नसतं. जुन्या पद्मिनी मोटारीच्या सीटवर नकली कातड्याचं हेच घराणं नांदत होतं, तेव्हा त्याचं कोणी कौतुक केलं नाही एवढंच. रात्री मात्र दिव्यांची आरास असते, मर्सिडीजमध्ये तर 64 रंगांची. चौसष्ट कलांच्या अधिपतीला तिकडेही मानतात हे वाचून बरं वाटलं. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे पियानो ब्लॅक, तो काळा चकचकीत प्लास्टिकचा पत्रा. शोरूमच्या दिव्यांत तो पियानोसारखा दिसतो. नागपूरच्या रस्त्यावर आल्यावर दहा मिनिटांत त्यावर सिमेंट रोडची धूळ बसते. शेठजींना सकाळी गाडीतच तर्री-पोहे खायची सवय. तर्रीचं बोट पुसलं तरी पुसलं जात नाही, हे कोणाला सांगायला नको. ते बोट गाणं बदलायला काचेवर गेलं की तिथे तांबूस वर्तुळ उमटतं, उन्हात त्याच्या कडांना इंद्रधनुष्य दिसतं, आणि त्याच्या बरोबर मधोमध आत्ताचं तापमान लिहिलेलं असतं. ड्रायव्हर सिग्नलला खांद्यावरचा दुपट्टा काढतो, काचेवर हाऽ करून फुंकर मारतो आणि धुळीसकट खसाखसा पुसतो. पुसता पुसता भाषा स्पॅनिश होते.

हे काही आजचं खूळ नाही. 1986 च्या ब्युइक रिव्हिएरात जनरल मोटर्सने टच स्क्रीन बसवली होती. गिऱ्हाइकं वैतागली, 1990 पर्यंत ती गेली. पण मोटारधंद्यात आठवण ठेवायला पगार मिळत नसावा. पुन्हा सगळं झालं आणि आता पुन्हा उपरती सुरू आहे. फोक्सवॅगनचे डिझाइनप्रमुख आंद्रेयास मिंट यांनी 2025 मध्ये जाहीर केलं की आवाज, दोन्ही बाजूंचं तापमान, पंखा आणि धोक्याचे दिवे यांची खरी बटणं यापुढे प्रत्येक गाडीत असतील, आणि ही चूक आम्ही परत करणार नाही. मर्सिडीजनेही स्टिअरिंगवर बोट घासायच्या पट्ट्यांऐवजी फिरत्या चकत्या पुन्हा आणल्या. गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅपने तर 2026 पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न, धोक्याचे दिवे आणि मदतीची हाक ही हाताला लागणारी हवीत, नाहीतर पाच तारे विसरा, असा दम दिला. हॉर्न हाताला लागावा म्हणून युरोपात नियम करावा लागतो. आमच्याकडे हॉर्न काढून घ्यायचा झाला तर लष्कर बोलवावं लागेल.

परवा शेठजींना शोरूममधून फोन आला. नव्या मॉडेलमध्ये खरी बटणं आहेत, दाबली की टिक्‌ असं वाजतातसुद्धा, पहिलं बुकिंग तुमच्याच नावावर धरू का? शेठजींनी भाव विचारला. तो जास्तच होता, काढलेली वस्तू परत घालायची म्हणजे मजुरी आली. मग जुनी गाडी बदल्यात घ्यायची म्हणून एक टायवाला पोरगा बंगल्यावर आला. त्याने इंजिन ऐकलं, टायर पाहिले, मान डोलावली. डॅशबोर्डापाशी मात्र थबकला. काळ्या पत्र्यावर मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून म्हणाला, “स्क्रॅचेस फार आहेत शेठजी. पन्नास हजार कमी होतील.”

शेठजींनी ड्रायव्हरकडे पाहिलं.

“मी तं रोज पुसत होतो ना जी,” तो म्हणाला.