समुद्रराक्षसाच्या शोधातील गृहस्थ

मध्यमवर्गीय मराठी घरांत अलीकडे एक नवा गृहस्थ उदयास आला असून, समुद्रराक्षसाचा भयपट ऑनलाइन कुठे पाहायला मिळेल, या एकाच प्रश्नावर तो आपले शनिवार-रविवार खर्ची घालतो. समुद्रराक्षसाचा भयपट म्हणजे ज्यात अणुचाचणीने किंवा माणसाच्या आगाऊपणाने डिवचला गेलेला प्राणी खोल पाण्यातून वर येऊन आधी एखादी बोट आणि मग एखादे शहर मोडतो, असा चित्रपट. हा गृहस्थ स्वतः अलिबागच्या किनाऱ्यावर घोट्याएवढ्या पाण्यापुढे जात नाही आणि तिथेही त्याचे निम्मे लक्ष काढून ठेवलेल्या चपलांवर असते.

त्याचा अभ्यास मात्र वरवरचा नसतो. १९५५ च्या ‘इट केम फ्रॉम बिनीथ द सी’ या चित्रपटात सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल मोडणाऱ्या ऑक्टोपसला सहाच भुजा आहेत, कारण रे हॅरीहाउसेन यांना त्याची प्रतिकृती किंचित किंचित हलवून एकेक चौकट टिपावी लागे (या तंत्राला स्टॉप-मोशन म्हणतात) आणि दोन भुजा कमी केल्याने वेळ व पैसा वाचत असे, हे तो लग्नाच्या पंगतीत शेजाऱ्याचा मठ्ठा निवेपर्यंत, म्हणजे मठ्ठा मुळात गारच असल्याने अनंत काळ, सांगू शकतो. राक्षसाच्या क्रौर्यापेक्षा निर्मात्याची ही काटकसरच त्याला अधिक भावते. ‘भूत – पार्ट वन : द हॉन्टेड शिप’ (२०२०) या हिंदी चित्रपटाला २०११ मध्ये जुहूच्या किनाऱ्यावर येऊन रुतलेल्या ‘एमव्ही विज्डम’ या जहाजाची पार्श्वभूमी आहे, हे त्याला ठाऊक असते, परंतु जहाजातले भूत हा जलचर नव्हे, या कारणास्तव तो तो चित्रपट यादीत घेत नाही.

खरी अडचण मालकीहक्कांची असते. ओटीटी, अर्थात इंटरनेटवरून थेट घरी चित्रपट दाखवणाऱ्या सेवा, बहुतेक जुने चित्रपट विकत न घेता ठरावीक देशापुरते व ठरावीक मुदतीपुरते दाखवण्याचा हक्क घेतात, त्यामुळे गेल्या महिन्यात दिसलेला राक्षस या महिन्यात गायब होतो किंवा केवळ अमेरिकेतल्या भाच्यालाच दिसतो. गृहस्थ मग रिमोटने एकेक अक्षर टिपत चित्रपटाचे नाव लिहितो, ‘बिनीथ’च्या स्पेलिंगपाशी अडतो, मुलाने सुचवलेला बोलून शोधण्याचा उपाय ‘शेजारी ऐकतील’ म्हणून फेटाळतो आणि साडेअकराच्या सुमारास त्याला कळते की, चित्रपट उपलब्ध आहे, पण भाड्याने.

येथे त्याच्या स्वभावाचा गाभा उघड होतो. चार सेवांची वार्षिक वर्गणी निमूट भरणारा हा माणूस एका चित्रपटाचे भाडे भरायला तयार नसतो, कारण ‘आधीच पैसे भरलेत ना?’ हा त्याचा युक्तिवाद. ऐंशीच्या दशकात याच माणसाने चाळीत घरटी पैसे गोळा करून एका रात्रीसाठी व्हीसीआर आणि तीन कॅसेटी भाड्याने आणल्या होत्या आणि पैसे वसूल व्हावेत म्हणून पहाटेपर्यंत कोणाला झोपू दिले नव्हते, याचे त्याला सोयीस्कर विस्मरण झालेले असते. एखादा पुतण्या एखाद्या नव्या राक्षसपटाच्या चोरट्या प्रतीची लिंक पाठवतो. ती बहुधा कॅम प्रिंट, म्हणजे चित्रपटगृहात लपवलेल्या कॅमेऱ्याने टिपलेली प्रत असते, आणि तीत राक्षसाच्या आधी पुढच्या रांगेतला प्रेक्षक उठून उभा राहतो. सिनेमॅटोग्राफ कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीने असे चोरटे चित्रीकरण करणाऱ्याला तीन महिने ते तीन वर्षे कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड ठेवला आहे, हे वाचून गृहस्थाला दरदरून घाम फुटतो. तो केवळ पाहणारा असतो, तरीही पुतण्याला गटातून काढून टाकतो. एवढी भीती त्याला कोणत्याही राक्षसाने घातलेली नसते.

अखेर पत्नी वैतागून स्वतःच्या फोनवरून भाडे भरते. चित्रपट सुरू होतो, पाणबुडीला काहीतरी धडकते आणि राक्षस पुरता वर येण्याआधीच गृहस्थ घोरू लागतो. ज्यांच्या घरी असा गृहस्थ असेल, त्यांनी भाडे रात्री न भरता रविवारी सकाळी, दुसरा चहा झाल्यावर भरावे. भाड्याचा चित्रपट एकदा सुरू केला की बहुतेक ठिकाणी ४८ तासांत संपवावा लागतो आणि मुदतवाढ मिळत नाही.