शांतता, चहा-नाश्त्यासह

पुणेकराला हल्ली शांततेची फार गरज भासते, आणि ती नेमकी शनिवारीच भासते. त्यामुळे शनिवारी सकाळी चांदणी चौकापासून भूगाव, पिरंगुटपर्यंत शांततेकडे निघालेल्या गाड्या एकमेकींच्या मागे हॉर्न वाजवत उभ्या असतात. त्यातून सुटलेले दुपारपर्यंत मुळशीच्या खोऱ्यात पोचतात.

तिथे शांतता दरपत्रकाप्रमाणे मिळते. डोंगराकडची खोली स्वस्त, बागेकडची मध्यम आणि ‘लेक व्ह्यू’वाली अशी, की बिल पाहून माणूस आपोआप गप्प होतो. जेवण ‘अस्सल गावाकडचं’. चुलीपाशी बसलेल्या मावशींना परवा एका ताईंनी तीनदा भाकरी थापायला लावली. पहिल्या वेळी धूर फार होता, दुसऱ्या वेळी मावशींनी कॅमेऱ्याकडे बघितलं. तिसरी करपली, पण रील झकास आलं. मुळशी-मावळ आंबेमोहोरासाठी नावाजलेला. पातेल्यात मात्र बासमतीचा जीरा राईस. विचारलं तर वाढपी म्हणाला, “आंबेमोहोर गिचका होतो सर, पाहुण्यांना मोकळा लागतो.”

आता ‘लेक’विषयी. हा लेक म्हणजे नीला आणि मुळा यांच्या संगमापाशी टाटा कंपनीने बांधलेलं धरण. ते होऊ नये म्हणून १९२१ च्या रामनवमीला मावळे कामावर जाऊन बसले. पांडुरंग महादेव बापट तुरुंगात गेले आणि याच लढ्याने त्यांना ‘सेनापती’ केलं. १९२४ पर्यंत सत्याग्रह चालला. मग गावं बुडाली. कसणारी कुळं मावळातली, पण बऱ्याच जमिनींचे मालक पुण्यातले सावकार. त्यांनी मोबदला पदरात पाडून घेतला आणि लढ्याचा जोर ओसरला. तेव्हा पुणेकराने खोऱ्याचे पैसे घेतले, आता त्याचा पणतू त्याच पाण्याकडे तोंड करून प्लॉट घेतो. या व्यवहारात पुणं काही बुडालेलं नाही.

हे सगळं माहितीपत्रकात का नाही, असं मी रिसॉर्टच्या मॅनेजरांना विचारलं. गृहस्थ मोठे तर्कशुद्ध. म्हणाले, “धरण झालं नसतं तर व्ह्यू कुठून आणला असता?”

रात्री वीज गेली. मुळशीचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने कोकणात भिऱ्याला उतरतं, तिथे १९२७ पासून वीज होते आणि मुंबईला जाते. खोऱ्यात मात्र ‘वरूनच गेली आहे’ हे उत्तर येतं. वरून म्हणजे कुठून, हे कोणी विचारत नाही. एसी बंद पडताच एका काकांनी स्वागतकक्षात जो आवाज लावला, तो पलीकडच्या काठावर ऐकू गेला असावा. मग जनरेटर सुरू झाला. त्यावर ठळक अक्षरांत ‘सायलेंट’ लिहिलेलं होतं.

बाकी खोरं शांत आहे, यात वाद नाही. गावं पाण्याखाली, पोरं पिरंगुटच्या कारखान्यांत, उरलेल्या मावशी तुमच्या भाकऱ्या थापायला. एवढी शांतता जमवायला शंभर वर्षं लागली आहेत. तेव्हा ‘लेक व्ह्यू’चा दर जास्त वाटला तरी कृपा करून घासाघीस करू नका.