लाइन कशी ओळखावी?
(दिंद्रुडला बदली होऊन येणाऱ्यांसाठी आणि नव्या जावयांसाठी)

माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडला उतरलात की कोणीतरी विचारणारच, "लाइन हाय का?" घाईने उत्तर देऊ नये. लाइनीचा अर्थ लाइनीत नसतो, तिच्या क्रियापदात असतो. क्रियापद निसटलं की माणूस भलत्याच लाइनीला लागतो.

नियम १ : जाते-येते ती वीज.
'वीज' इथे आभाळात कडाडते आणि बिलावर छापून येते. तारेतून येते ती लाइन. परळीचं औष्णिक केंद्र १९७१पासून बीड जिल्ह्यातच, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात आहे. आपल्याकडे लाइन नसली की पाणी नाही. २०१३च्या दुष्काळात केंद्राकडे पाणी नव्हतं, म्हणून लाइन नव्हती. 'आली' एवढ्यावर विसंबू नये. सिंगल फेज आली तर टीव्ही लागतो, थ्री फेज आली तरच मोटार. रात्री दोनला "लाइन आली!" म्हणून कोणी हाक मारली, तर अभिनंदन करू नये. बॅटरी आणि काठी घेऊन मुकाट्याने शेताकडे निघावं.

नियम २ : टाकतात ती पाइपलाइन.
ती विहिरीपासून शेतापर्यंत जाते. मधे शेजाऱ्याचा बांध लागत असेल, तर खोदण्याआधी त्याला चहा पाजावा. 'फुटली' म्हणजे पाइप, 'तुटली' म्हणजे तार. तुटलेल्या लाइनीला हात लावू नये. या मार्गदर्शिकेतलं गंभीर वाक्य एवढंच.

नियम ३ : लागते ती रांग.
खत, रेशन, बँक, कुठेही लागते. आपण सावलीत बसून जागेवर चप्पल ठेवली तरी चालतं. चपलेचा नंबर मागचे लोक मानतात. चप्पल ठेवून गावाला गेलेल्याचा मानत नाहीत.

नियम ४ : धरतात ती करिअर.
"पोरगं कोणत्या लाइनला हाय?" याला "मेडिकल लाइनला" असं उत्तर आलं, तर पोरगं लातूरला क्लासला आहे असं समजावं. डॉक्टर झालाय असं समजून गुडघा दाखवू नये. 'मारतात' ती लाइन वेगळी. ती दिंद्रुडात कोणीच मारत नाही. चौकातली पोरं एसटीची वाट पाहत असतात. एसटी गेल्यावरही.

नियम ५ : येणार असते ती रेल्वे.
अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५-९६मध्ये मंजूर झाला. बीडला गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ रोजी. त्या दिवशी बीडकरांना 'लाइन आली' हा भूतकाळ मिळाला. बीड-परळी टप्प्यातल्या गावांनी आपला भविष्यकाळ तसाच चालू ठेवला.

सराव : पुढील वाक्यातल्या लाइनी ओळखा.
"लाइन गेली म्हणून लाइनमनला फोन केला, तर त्याची लाइन लागंना, तो खताच्या लाइनीत, अन् पोरगं म्हणतंय मला पोलीस लाइनला जायचंय."

गुणदान : सगळ्या ओळखल्यात, तर तुम्ही लाइनीवर आलात. एखादी चुकली, तर सासरचे सांभाळून घेतील. दोनच जमल्या, तर यापुढे कोणीही लाइनीचं विचारलं की मान हलवून "येईल, येईल" एवढंच म्हणावं. वीज, पाणी, रेल्वे, नोकरी, प्रश्न कशाचाही असो, हे उत्तर आजवर कोणाला खोटं पाडता आलेलं नाही.