साडेतीन मात्रांचा मुहूर्त

बँड काढायचं ठरलं आहे, नाव ठरलं आहे, टी-शर्टचं डिझाइनही झालं आहे, फक्त वाजवायचं काय तेवढं राहिलं आहे, अशा मंडळींसाठी हे मार्गदर्शन. तीन कॉर्डमध्ये आटपणारी गाणी ज्यांना कमीपणाची वाटतात, त्यांनीच पुढे वाचावं. बाकीच्यांनी ती तीन कॉर्डवाली वाजवावीत. लोक नाचतील, आयोजक पैसे देतील, घरचेही बोलणार नाहीत.

प्रोग्रेसिव्ह रॉक, जवळच्यांच्या भाषेत 'प्रॉग', हा १९७० च्या आसपास इंग्लंडात फोफावलेला प्रकार. एकेक गाणं एलपीची अख्खी बाजू खातं, ताल वाटेत हवा तेव्हा बदलतो, आणि शब्दांचा अर्थ गायकाला विचारायचा नसतो. घरी हेडफोन लावून ऐकायला यासारखं सुख नाही. ते स्टेजवर चढून वाजवायची खुमखुमी माणसाला का येते हे सांगता येत नाही, पण येते खरी.

गाणं निवडताना सबुरी धरा. पिंक फ्लॉइडचं 'मनी' (१९७३) घ्या. सात मात्रांचं आहे, आणि रूपक ऐकत वाढलेल्या कानाला साताचं भय नसतं. फरक एवढाच, की आपल्याकडे रूपक धरला की बंदिश संपेपर्यंत रूपकच. इथे सॅक्सोफोन सातात वाजतो, मग गिटारवाल्याला मोकळं रान मिळावं म्हणून सगळे चारात येतात, आणि तो मनसोक्त वाजवून झाला की पुन्हा सातात शिरायचं असतं. गिटारवाला तोपर्यंत डोळे मिटून भलतीकडे गेलेला असतो. त्याला परत आणण्याची जबाबदारी कोणाची हे तालमीतच ठरवून ठेवा.

अर्थात हा सल्ला कोणी ऐकत नाही. नवशिका बँड हटकून ड्रीम थिएटरच्या 'द डान्स ऑफ इटर्निटी'ला (१९९९) हात घालतो. सहा मिनिटांचं, बिनशब्दांचं, आणि त्यात ताल शंभराहून जास्त वेळा बदलतो असं मोजणाऱ्यांनी मोजून ठेवलं आहे. २०१० मध्ये ड्रीम थिएटरला नवा ड्रमर हवा होता, तेव्हा जगभरातले सात नावाजलेले वादक बोलावले आणि परीक्षेला जी गाणी लावली, त्यात हे एक होतं. मुरलेल्या लोकांना ज्याचा पेपर घालतात, तो तुम्ही कॉलेजच्या गॅदरिंगला सोडवायला निघाला आहात. निघा.

मोजण्याचा सराव मात्र 'वायवायझेड'वर करावा. कॅनडाच्या रश या त्रिकुटाचं हे १९८१ चं वादन. टोरोंटोच्या विमानतळाची ओळख-अक्षरं वाय, वाय, झेड, आणि ती मोर्स लिपीत जशी वाजतात तोच सुरुवातीचा ठेका. लांब ठोक्याला दोन मोजा, आखूडला एक. वाय म्हणजे लांब, आखूड, लांब, लांब: दोन-एक-दोन-दोन, झाले सात. पुन्हा वाय, पुन्हा सात. झेड म्हणजे लांब, लांब, आखूड, आखूड: दोन-दोन-एक-एक, सहा. एकूण वीस, आणि चारचारचे गट पाडले तर पाच मात्रा. एवढं मांडीवर वाजवता आलं की मगच जॅमरूमचे तासाचे पैसे भरा. बासवाल्यावर या काळात ओरडू नका. रशमध्ये गेडी ली बास वाजवायचा, गायचा, कीबोर्ड सांभाळायचा आणि उरलेले सूर पायाखालच्या पेडलांवर काढायचा. तुमच्या माणसाला यातली एक गोष्ट जमते. तीही बऱ्यापैकी जमते.

७/८, म्हणजे आवर्तनाला सात अर्ध्या मात्रा, हा प्रॉगवाल्यांचा लाडका हिशेब. पूर्ण मात्रांनी मोजलं तर साडेतीन. आता साडेतीनला घाबरेल तो महाराष्ट्र कसला? मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, पेशवाईतले शहाणेसुद्धा साडेतीन. अडचण वादकांची नसते, टाळ्यांची असते. समोरचे उत्साहाने चारात टाळ्या धरतात. दुसऱ्या आवर्तनापासूनच टाळी सरकू लागते, आणि चौथ्या आवर्तनाला ती अशा जागी पडते की तुमचाच ड्रमर बिचकून त्यांच्याबरोबर जातो. रसिकांना टाळ्या थांबवा असं सांगणं आपल्याकडे शोभत नाही. तेव्हा ड्रमरच्या कानात ठेक्याची क्लिक घाला आणि बाकीच्यांनी लोकांकडे न बघता त्याच्याकडे बघा.

आता मुख्य मुद्दा. अवघड जागा म्हणजे जिथे बोटं पळतात ती, असा नवशिक्यांचा समज असतो. पळणारी बोटं सरावाने पळतात. गाणं कोसळतं सांध्यावर, एक भाग संपून दुसरा लागतो तिथे. आणि याचा दोष सगळा तुमच्या आळसाचा नाही, बराचसा १९७२ सालच्या लंडनचा आहे. येस या बँडचं 'क्लोज टू द एज' अठरा मिनिटांच्या वर जातं, पण अ‍ॅडव्हिजन स्टुडिओत ते सलग असं वाजलंच नाही. थोडं बसवायचं, वाजवायचं, बरं उतरलं की थांबायचं, आणि साउंड इंजिनियर एडी ऑफर्डने टेप ब्लेडने कापून पुढच्या टेपला चिकटवायची. गोधडीसारखं तुकड्याला तुकडा जोडत ते गाणं उभं राहिलं. मग दौरा आला, आणि आपलंच गाणं सलग कसं वाजवायचं हे खुद्द येसलाच नव्याने शिकावं लागलं. म्हणजे 'क्लोज टू द एज'चा पहिला कव्हर बँड येसच. तुम्ही कितवे तरी आहात, एवढंच.

म्हणून तालमीत अख्खं गाणं पुन्हापुन्हा वाजवत बसू नका. त्याने घाम येतो आणि आपण मेहनत करतो आहोत असा भास होतो. फक्त सांधे घ्या: आधीच्या भागाची शेवटची दोन आवर्तनं आणि पुढच्याची पहिली दोन. हेच वीस वेळा. कंटाळवाणं आहे, यात कोणाचा सोलो नाही, आणि म्हणूनच कोणी करत नाही. प्रत्येक सांध्यावर मान हलवून खूण देणारा एकच माणूस नेमा. दोघांनी मान हलवली तर बँडचे दोन बँड होतात, आणि पुढची काही आवर्तनं दोन्ही बँड अगदी बरोबर वाजवत असतात.

कीबोर्डवाल्याची गोष्ट वेगळी. त्या काळी मेलोट्रॉन नावाचं धूड असे. त्याच्या एम-४०० या मॉडेलला पस्तीस पट्ट्या, प्रत्येक पट्टीमागे एक टेप, आणि सूर आठेक सेकंद धरला की टेप संपली, पट्टी सोडा. आज ते सगळे आवाज लॅपटॉपमध्ये मावतात, आणि लॅपटॉप साउंडचेकच्या वेळीच स्वतःला अपडेट करायला घेतो. जेनेसिसच्या 'फर्थ ऑफ फिफ्थ'ची (१९७३) पियानोवरची सुरुवात कीबोर्डवाल्याला फार हौसेने वाजवायची असते. त्याला हळूच सांगा, की ती रचणारा टोनी बँक्सच स्टेजवर ती गाळू लागला होता. गाळण्याला याहून मोठी परवानगी मिळणार नाही. नाही ऐकलं तर त्याला जेवू घाला. १९७३ मध्ये मँचेस्टरला येसच्या ऐंशी मिनिटांच्या 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स'चा प्रयोग चालू असताना त्यांच्या कीबोर्डवाल्या रिक वेकमनने स्टेजवरच करी मागवून खाल्ली, हे तो स्वतः सांगतो. त्या अल्बमची कल्पना येसचा गायक जॉन अँडरसनला परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातली एक तळटीप वाचून सुचली होती. भारताचा हातभार दोन्हीकडे लागला, आणि वेकमनचा कौल मला पटतो.

गायकाला मात्र दहा-दहा मिनिटं काम नसतं. त्याला खंजिरी द्यावी आणि ती माइकपासून लांब ठेवावी. जेनेसिसच्या पीटर गॅब्रिएलने १९७२ मध्ये डब्लिनला यावर तोड काढली: मधल्या वादनात आत गेला आणि बायकोचा लाल झगा अंगात, कोल्ह्याचं तोंड डोक्यावर, असा बाहेर आला. बाकीच्या बँडला पत्ता नव्हता. बारा तारांच्या गिटारी सुरात लावायला इतरांना वेळ लागे, तेवढ्यात तो लोकांना विचित्र गोष्टी सांगे. ही युक्ती जरूर उचला. झग्याचं घरी विचारून करा.

साउंडवाल्या दादांच्या हातात गाण्याची वेळ लिहून द्या. ते ऑर्केस्ट्रावर मुरलेले असतात. सगळं शांत झालं आणि नुसता ऑर्गन उरला की गाणं संपलं समजून ते मोबाइलवरचं काहीतरी लावतात. त्यांची चूक नाही. पुढे अजून आठ मिनिटं आहेत हे शहाण्या माणसाला कसं सुचावं?

श्रोते थोडे येतील, पण एकेक कानसेन. हाताची घडी घालून पहिल्या रांगेत उभे राहतील आणि रेकॉर्डवरचा प्रत्येक खोकला त्यांना पाठ असेल. मॉन्ट्रियलच्या 'द म्युझिकल बॉक्स' या बँडने जेनेसिसचे जुने प्रयोग पोशाख आणि पडद्यावरच्या स्लाइड्ससकट उभे केले, इतके हुबेहूब, की २००५ मध्ये जिनिव्हात खुद्द जेनेसिसचा फिल कॉलिन्स येऊन त्यांच्यात ड्रमवर बसला. तुमच्याकडे ड्रमवर कोण बसेल सांगता येत नाही, कारण सगळं गाणं बसलं की ड्रमर सोडून जातो. येसचा ड्रमर बिल ब्रुफर्डही 'क्लोज टू द एज'चं रेकॉर्डिंग उरकून किंग क्रिमसनमध्ये गेला होता, आणि अमेरिकेचा दौरा तोंडावर होता. तेव्हा नव्या मुलाला फोन करा, आगाऊ पैसे मागेल ते द्या, आणि तीन दिवसांची मुदत द्या. ब्रुफर्डच्या जागी आलेल्या अ‍ॅलन व्हाइटला तेवढेच दिवस मिळाले होते, आणि तो २०२२ मध्ये वारेपर्यंत येसमध्येच होता.