रा. रा. अभ्यासदौरा यांस अनावृत पत्र

रा. रा. अभ्यासदौरासाहेब यांस,
मुक्काम पोस्ट विमानतळ.



मार्च जवळ आला की तुमच्या पायाला भिंगरी लागते, हे विरारजवळच्या आम्हा चांदीपकरांना ठाऊक आहे. निधी शिल्लक असतो, शिकायचं राहिलेलं असतं, आणि शिकण्यासारखी शहरं नेमकी समुद्रकिनाऱ्यालाच असतात. परतल्यावर तुम्ही अहवाल देता. त्यात फोटो असतात आणि ‘आपल्याकडेही राबवता येईल’ हे वाक्य असतं. मग अहवाल कपाटात जातो आणि तुम्ही पुढच्या विमानात.

तुम्हाला आळशी म्हणणाऱ्यांशी मी भांडेन. तुमचा गुन्हा वेगळाच आहे. तुम्ही परमुलखातून योजना आणता आणि तिचे दात तिथेच काढून ठेवता. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रेत १९८९ पासून वस्तीवस्तीतली माणसं जमून ठरवू लागली की यंदा आधी गटार की रस्ता. गेल्या वर्षी ठरलेल्याचं काय झालं, हेही तिथेच विचारू लागली. आपल्याकडे पुण्यात २००६-०७ च्या अंदाजपत्रकापासून नागरिकांच्या सूचना घेऊ लागले. अर्ज भरा, बाकडं मागा. ठरवणार कोण, हे मात्र विचारू नका.

पण इतक्या लांब जायचंच कशाला? रोजगार हमी तर आपलीच. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात विसापूरला प्रयोग केला, १९७२ च्या दुष्काळात योजना राज्यभर गेली, १९७७ ला कायदा झाला आणि २००५ मध्ये देशाने तो उचलला. दरम्यान १९९४ पासून राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने खेड्यातल्या जनसुनावणीत मस्टर, म्हणजे मजुरांचा हजेरीपट, मोठ्याने वाचायला सुरुवात केली, तेव्हा मेलेली माणसंही मजुरी घेताना सापडली. तेव्हाच्या अखंड आंध्रने तो धडा घेतला, सामाजिक अंकेक्षण नियमित केलं, त्यासाठी वेगळी संस्था उभी केली. म्हणजे योजना जन्मली आपल्याकडे आणि तिचा हिशेब मागायला शिकावं लागणार हैदराबादला. तिकडे रेल्वेने एका रात्रीत पोचता येतं, हीच तुमची अडचण असावी.

तुमच्या गैरहजेरीतली इकडची खबरबात: वसई-विरार महापालिकेतल्या नगरसेवकांची मुदत जून २०२० मध्ये संपली, निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. मधली साडेपाच वर्षं प्रशासक. जाब विचारायला सभागृहच नव्हतं. त्याच काळात, ऑगस्ट २०२५ मध्ये, विरार पूर्वेला रमाबाई अपार्टमेंट कोसळून १७ माणसं गेली. इमारत अनधिकृत होती. हे कळायला पासपोर्ट लागत नव्हता.

ही महापालिका स्थापन झाली २००९ मध्ये, आणि त्याच वर्षी राज्याच्या कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आली: मतदारांनी आपापल्या भागात जमावं, कामं सुचवावीत. क्षेत्रसभेला जाऊन आलेला माणूस कुणी दाखवला तर शाल-श्रीफळ माझ्याकडून.

तेव्हा पुढचा दौरा इकडे काढा. विरारला उतरून पूर्वेला या. येताना गेल्या पाच वर्षांत आमच्या परिसरात झालेल्या कामांची मस्टर, बिलं आणि मोजमाप पुस्तिका आणा, आणि चारचौघांत मोठ्याने वाचा. अक्षर लागत नसेल तर आमच्या शाळेतल्या पोरी वाचतील. दैनिक भत्ता मिळणार नाही. आणि कृपा करून अहवाल लिहू नका.

आपला,
चांदीपचा एक करदाता