ऑफ-सीझनच्या दात्यास अनावृत पत्र

अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री टूरवाले साहेब यांसी,

सा. न. वि. वि.

‘नॉर्वे, निम्म्या दरात’ ही योजना आपण आमच्यासारख्या पामरांपर्यंत पोहोचवलीत, याबद्दल आमचं अवघं कुटुंब आपलं ऋणी आहे. डिसेंबरात बर्गन स्वस्त का असतं, हे सांगून आमचा विरस करण्याचं आपण कटाक्षाने टाळलंत. असा हळवेपणा धंद्यात दुर्मीळच.

आपल्या पत्रकात ‘अधूनमधून हलक्या सरी’ असं होतं. बर्गनला वर्षाकाठी सव्वादोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, म्हणजे साधारण मुंबईइतका. मुंबई बिचारी तो चार महिन्यांत उरकून मोकळी होते. हे गाव वर्षभर पुरवून पुरवून वापरतं. २००६च्या ऑक्टोबरअखेर तिथे जी सर आली, ती पुढे सलग ८५ दिवस रोज येत राहिली. अटलांटिकवरून येणारे ढग गावाभोवतीच्या डोंगरांना अडतात, असं हॉटेलातल्या मुलीने समजावलं. मी चिपळूणची. माहेरपणाला इतक्या लांब पाठवणारे आपणच पहिले.

बर्फात खेळण्याचा कार्यक्रमही आपण आखला होतात. उबदार सागरी प्रवाहाच्या कृपेने तिथे हिवाळ्यातही बहुधा पाऊसच पडतो. त्यामुळे आपल्याच ओळखीच्या दुकानातून सासूबाईंसाठी घेतलेले बर्फाचे बूट बॅगेत कोरडे राहिले. कोरडं राहिलं ते तेवढंच.

फ्लॉयन डोंगरावरच्या देखाव्याबद्दल तर किती आभार मानू! १९१८पासून धावणाऱ्या त्या दोराच्या रेल्वेने ३२० मीटर वर गेलो. पत्रकातल्या फोटोत तिथून बंदर, बेटं, अख्खं शहर दिसतं. आम्हाला कठडा दिसला. कठडा उत्तम आहे.

दुपारी साडेतीनला सूर्य मावळतो, ही गंमत आपण राखून ठेवलीत. सासूबाई वामकुक्षी आटोपून उठल्या त्या थेट दिवेलागणीलाच. त्यांनी शुभंकरोति म्हटलं, आणि मग झोपेपर्यंतचा वेळ कसा काढायचा, याची चर्चा करण्यात तो बराचसा निघाला.

ब्रिगनची लाकडी घरं मात्र पाहिली. १७०२च्या आगीनंतर पुन्हा बांधलेली, १९७९पासून जागतिक वारशाच्या यादीत. तीनशे वर्षं पाऊस खाऊन ती उभी आहेत. तिथल्याच एका बोळात ह्यांच्या उजव्या बुटाचा तळ पुढून सुटला आणि पावलागणिक जीभ काढल्यासारखा लोंबू लागला. रात्री हॉटेलच्या हेअर ड्रायरने मी चौघांचे मोजे वाळवले. चौथ्या जोडाला करपट वास आला. आपली आठवण झाली.

आपण भेट दिलेली छत्री, आपल्या कंपनीच्या नावासकट, बंदरावर पहिल्याच झोतात उलटली. गावकरी शहाणे, ते रेनकोट घालून फिरतात. मग आम्हीही घेतले. आपण वाचवून दिलेले पैसे असे सत्कारणी लागले, वर थोडी पदरची भर घालावी लागली, इतकंच.

‘गर्दी नसेल’ हा आपला शब्द मात्र तंतोतंत खरा ठरला. खोटं बोलणारे आपण नव्हेच.

तेव्हा एक नम्र विनंती. आम्ही सहप्रवाशांनी वर्गणी काढून आपल्याला सहकुटुंब बर्गनला पाठवायचं ठरवलं आहे, अर्थात डिसेंबरात. नकार देऊ नये. माहितीपत्रक जूनचे फोटो घालून छापायला टाकलंय. परतीच्या तिकिटाचं तेवढं अजून जमत नाहीये.

कळावे,

आपली उपकृत
एक प्रवासी