साडेसात डोकी

उभ्या माणसाची उंची त्याच्या स्वतःच्या डोक्याच्या साडेसात पट भरते, हे शास्त्रवचन मला वयाच्या ६१व्या वर्षी प्रथम कळले; तोपर्यंत डोके हा निदान माझ्या शरीराचा तरी याहून बराच मोठा हिस्सा असावा, अशा समजुतीने मी वागत आलो होतो. या समजुतीला आधार नव्हता असे नाही. शाळेत असताना इंटरमीजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेत मला ‘ए’ श्रेणी मिळाली होती, आणि तिचा दाखला मी पुढे ४७ वर्षे, जमिनीच्या उताऱ्याशेजारी, पत्र्याच्या पेटीत जपला होता. त्या परीक्षेत स्मृतिचित्राचा एक कागद असे व त्यात बाजार, पाणवठा, जत्रा असले माणसांनी गजबजलेले विषय येत. परंतु माणसे पाठमोरी काढली की नाकडोळ्यांचा प्रश्न मिटतो आणि त्यांच्या अंगावर घोंगडी घातली की हातांचाही मिटतो, ही युक्ती आमच्या शाळेत वडिलोपार्जित इस्टेटीसारखी वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे चालत आलेली होती. तेव्हा मला मिळालेली ‘ए’ श्रेणी वस्तुतः घोंगड्यांची होती, हे कबूल करायला मला जवळजवळ अर्धे शतक लागले.

पेन्शनीत निघाल्यावर माणसाने काहीतरी छंद लावून घ्यावा, असा सल्ला ज्यांना आपण दिवसभर घरात नको असतो ती माणसे देतात. त्यांच्या आग्रहावरून मी आमच्या पेठेतल्या एका निवृत्त ड्रॉइंगच्या सरांच्या गच्चीवर रविवारी सकाळी जमणाऱ्या मंडळींत दाखल झालो. तेथला रिवाज असा की कोणीतरी एकाने समोर बसावे किंवा उभे राहावे, इतरांनी प्रथम एकेका मिनिटाची दहा रेखाटने करावीत, मग वीस मिनिटांचे एक करावे, आणि शेवटी सर्वांचे कागद कपडे वाळत घालायच्या दोरीला चिमट्यांनी लावून प्रत्येकाने दुसऱ्याच्या कागदावर बोलावे. येथवर माझी हरकत नव्हती. दुसऱ्याच्या कागदावर बोलण्यातच माझी हयात गेलेली. ३४ वर्षे मी सरकारी हिशेब तपासले. आमच्या खात्यात अर्धसमास नावाची एक सुंदर व्यवस्था आहे: कागदाच्या एका अर्ध्या भागात आम्ही आक्षेप नोंदवायचा आणि दुसरा अर्धा भाग संबंधित कचेरीच्या खुलाशासाठी कोरा सोडायचा. गच्चीवरच्या कायद्यात मात्र हा कोरा भागच नव्हता. ज्याचा कागद चर्चेला असेल त्याने तोंड उघडायचे नाही. भिंतीवर लागलेल्या चित्राशेजारी चित्रकार काही खुलासा करीत उभा राहत नाही, असे सरांचे म्हणणे. हजारो खुलासे ज्याने आयुष्यभर मागवले त्याच्यावर अखेरीस ही पाळी यावी, याला प्राक्तन म्हणतात.

पहिल्या रविवारी फिजिओथेरपी शिकणारी एक मुलगी माझ्या कागदापुढे बराच वेळ मान तिरकी करून उभी राहिली आणि अत्यंत सद्भावाने म्हणाली, “काका, हे उभे आहेत की टांगलेत?”

मग तिने मला समजावून दिले की माणूस एका पायावर भार टाकून उभा राहिला म्हणजे त्या बाजूचे कमरेचे हाड वर चढते, खांदा त्याच बाजूला खाली उतरतो, आणि गळ्याच्या खळीतून ओळंबा सोडला तर तो भार घेतलेल्या पायाच्या घोट्यापाशी येतो. आमच्या मूर्तिकारांनी अंगाच्या याच मुरडीला त्रिभंग म्हटले. मुरलीधराच्या देवळात जन्मभर हात जोडूनही माझी नजर कधी त्याच्या कमरेकडे गेली नव्हती, आणि माझ्या माणसाच्या खळीतून सोडलेला ओळंबा शेजारच्याच्या कागदावर पडला असता. शिवाय कानामागून निघून गळ्याच्या खळीकडे उतरणारा, मान फिरवणारा जो स्टर्नोमॅस्टॉइड नावाचा स्नायू असतो, तो माझ्या चित्रात मुळीच नव्हता. त्यामुळे डोके, तिच्या शब्दांत, “नुसतं आणून ठेवलंय” असे दिसत होते. तिच्यामागून आमचे टेलरमास्तर पुढे झाले. या गृहस्थांनी शरीररचनेचा एकही ग्रंथ वाचलेला नाही, पण चाळीस वर्षे गळ्यात टेप अडकवून माणसे पाहिली आहेत. त्यांनी डोळा बारीक केला व निकाल दिला, “साहेब, ह्यांना सदरा शिवायचा झाला तर उजवा मुंढा नऊ घ्यावा लागेल, डावा बारा. बाह्यांचं कापड मात्र वाचेल. हात खिशातून बाहेरच येत नाहीत ह्यांचे.”

हे शेवटचे खरे होते. घोंगडीचे दिवस गेल्यामुळे मी खिशांचा आश्रय केला होता. एका हाताच्या पंज्यात मनगटासह २७ हाडे असतात, आणि ती सगळी माझ्याविरुद्ध एक असतात. म्हणून माझ्या कागदावरचे स्त्री-पुरुष एकतर खिशात हात घालून, नाहीतर पाठीमागे हात बांधून, मंत्र्यांच्या स्वागताला उभे असल्यासारखे दिसत.

पण खरा घाव सरांनी घातला. तिसऱ्या की चौथ्या रविवारी माझे सगळे कागद ओळीने लावून ते हळूच म्हणाले, “आपण एक पाहिलंत का? ही सगळी माणसं आपल्यासारखी दिसतात.” पाहिले तर खरेच: कॉलेजचा सडपातळ पोरगा असो की दूध घालणाऱ्या बाई असोत, प्रत्येकाला माझी आखूड मान आणि माझे पोट होते. सरांनी सांगितले की लिओनार्दो द व्हिंचीने चित्रकारांना याबद्दल बजावून ठेवले आहे: आपल्या देहातली व्यंगे आपण काढलेल्या आकृतींत नकळत उतरतात, तेव्हा चित्रकाराने आधी आपल्याच शरीराची मापे घेऊन त्यांत काय बिघडले आहे हे समजून घ्यावे. पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या इटालियन गृहस्थाला माझे पोट ठाऊक असावे, याचे मला वैषम्य वाटले. पण मापे घेण्याची सूचना हिशेबी होती, आणि हिशेबाला मी कधी नाही म्हणत नाही.

येथे वाचकांनी मला थोडी रजा द्यावी, कारण स्वतःला मोजण्याइतके रम्य काम मी दुसरे केलेले नाही. परकीय साडेसात डोक्यांवर स्वदेशी माणसाने का विसंबावे, असा बाणेदार विचार करून मी विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडातले चित्रसूत्र मिळवले. त्यात पुरुषांच्या पाच जाती दिल्या आहेत: १०८ अंगुळांचा हंस, १०६ चा भद्र, १०४ चा मालव्य, १०० चा रुचक आणि ९० चा शशक. मी हंस निघणार याविषयी मला संदेह नव्हता; फार तर भद्र, आणि तेही बूट काढल्यामुळे. खुबी अशी की ही अंगुळे ज्याची त्याने स्वतःच्या बोटाची घ्यायची, म्हणजे उंच-ठेंगणा हा वाद उरत नाही, उरते ते फक्त प्रमाण. ही समदृष्टी वाचून माझे डोळे भरून आले आणि मी भिंतीला टाच लावून उभा राहिलो. उंची १६५ सेंटीमीटर भरली. मधल्या बोटाची रुंदी, आंघोळीपूर्वी व नंतर अशी दोनदा घेऊनही, दोन सेंटीमीटर भरली. भागाकार केला: साडेब्याऐंशी. हंस राहिलाच, शशकाच्याही मी साडेसात अंगुळे खाली गेलो होतो, जेथे शास्त्रकारांनी कोणाचीच सोय केलेली नाही. बोट जितके जाड तितका मनुष्य बुटका ठरतो, आणि पेन्शनीनंतर माझी बोटे सुटली आहेत, हे आता ध्यानात आले. मी करंगळीने मोजून पाहिले. ती दीड सेंटीमीटर असल्यामुळे भागाकार ११० आला आणि मी हंसाच्याही वर दोन अंगुळे तरंगू लागलो. परंतु एका लेखाशीर्षाखालचा खर्च दुसऱ्या शीर्षाखाली दाखवणे हा ज्या जातीचा अपराध आहे त्यापायी मी स्वतः लोकांच्या वेतनवाढी अडवल्या आहेत. तेव्हा करंगळी मुकाट्याने मिटून घेतली. या सर्व प्रकरणातून हिने शशक म्हणजे ससा एवढेच ऐकले, आणि त्या दिवशी पानात गाजराची कोशिंबीर जरा जास्तच पडली.

गच्चीवर एवढा पाणउतारा होऊनही मी तेथे जात राहिलो, याचे कारण घरची स्तुती. नातलगांना चित्र दाखवावे तर ते एक क्षण पाहून “छान!” म्हणतात आणि चहाकडे वळतात. या शब्दाची मला खरोखर चीड आहे. वही न उघडता दिलेला ‘हिशेब बरोबर’ असा दाखला आणि हा ‘छान’ यांत मला फरक दिसत नाही. त्यापेक्षा टांगलेल्या आजोबांची चौकशी करणारी ती मुलगी मला अधिक आपली वाटते, कारण तिने निदान त्यांना पाहिले होते.

दिवाळीनंतर एका रविवारी सरांनी समोर बसायला एका म्हाताऱ्या गृहस्थांना बोलावले. मार्केट यार्डात त्यांनी उभा जन्म हमाली केलेली. दोन तासांचे पैसे आधी ठरले, ते त्यांनी मोजून कनवटीला लावले, सदरा काढून घडी केला, आणि स्टुलावर गुडघ्यांवर हात ठेवून असे निश्चल बसले की गच्चीवरची कबुतरे त्यांच्या पायाशी येऊ लागली. मी जिवाच्या आकांताने रेखाटले. कागद दोरीवर गेल्यावर टेलरमास्तर म्हणाले, “साहेब, खांदे सरळ रेघेत घेतलेत तुम्ही. त्यांचा उजवा खांदा दीड इंच खाली आहे.”

मी कायदा मोडून खुलासा केला. म्हटले, “दिसला होता मला. पण तो मी दुरुस्त केला.”

स्टुलावरून आवाज आला, “दुरुस्त करून कसं चालंल, सायेब? त्यो पोत्याचा हाय.”

त्यांच्या मानेच्या मुळाशी, उजव्या अंगाला, तळव्याएवढा घट्टा होता. क्विंटलभराचे पोते, ट्रकपासून गाळ्यापर्यंत, रोज किती खेपा याचा त्यांनी हिशेब ठेवलेला नव्हता. तो त्या खांद्याने ठेवला होता. माझ्या तपासणीत गोदामांची हमालीची बिले येत. ‘सदर हमालीचा दर अवाजवी दिसतो, खुलासा व्हावा’ हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिले आहे की ते माझ्या हाताला डोळे मिटूनही येते. आणि दुसरे एक असे की, ‘पावतीवरील अंगठा अस्पष्ट, सबब रक्कम वसूलपात्र.’ त्या रविवारी उरलेल्या वेळात मी प्रथमच खिशांचा आश्रय न करता हात काढायला बसलो, आणि हातभर अंतरावरून त्यांच्या अंगठ्याचे पेर पाहत राहिलो. त्यावर रेघा नव्हत्या. गोणपाट ओढून ओढून ते पेर खापरासारखे गुळगुळीत झाले होते; तो अंगठा कोणत्याही पावतीवर, कोणत्याही शाईने, स्पष्ट उठला नसता. त्यांपैकी किती रकमा कोणाकडून वसूल झाल्या, हे मी कधी विचारले नव्हते. वसुली दुसऱ्या शाखेकडे असे.

पुढचे चार रविवार मी त्यांनाच काढले. खांदा दीड इंच खाली घेतला, घट्टा घेतला, स्टर्नोमॅस्टॉइड कानामागून खळीपर्यंत नीट उतरवला, आणि दोन्ही हात, सर्व हाडांसह, उघड्यावर ठेवले. टेलरमास्तरांनी मुंढे मंजूर केले. त्या मुलीला हरकत घ्यायला जागा सापडली नाही. मग मी तो कागद चिमट्यातून काढून, पूर्वी कोणा संचालकापुढे फाइल धरली नसेल इतक्या अदबीने, म्हाताऱ्यांपुढे धरला. त्यांनी तो दोन्ही हातांत घेऊन उजेडाकडे केला, बराच वेळ न्याहाळला आणि मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले.

“खांदा माजाच हाय,” ते म्हणाले. “प्वाट तेवढं तुमचं हाय.”